फणसावरचे फोन

प्रणोती सकपाळच्या दुकानात कुणी फोन दुरुस्तीला आणला की ती आधी नाव विचारत नसे, काय बिघडलंय तेही विचारत नसे. "वाडी कुठली?" हा तिचा पहिला प्रश्न. मग ती कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडायची, त्यावर वाडी, नाव आणि फोन उघडायची नक्षी काढायची आणि तो तुकडा फोनच्या पाठीवर चिकटवायची. निवेपेठेच्या आजूबाजूला डोंगरात तेरा वाड्या, आणि निम्म्या माणसांचं आडनाव एकच. नुसत्या नावावर फोन परत द्यायचा म्हटलं असतं तर एकाचा फोन दुसऱ्याच्या सुनेच्या हातात गेला असता आणि पेठेत महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली असती.

शनिवारी सकाळी हेदकोंडचा जीपवाला सहदेव दुकानात आला आणि त्याने काउंटरवर खताची एक रिकामी गोणी उपडी केली. आतून फोनच फोन बाहेर पडले.

"अकरा हायत," तो म्हणाला. "सगळ्यांचं एकच दुखणं. सकाळी भरलेला फोन दुपारी मान टाकतो. कर बाय काहीतरी. कालपासून जीपमधी माणसं कमी नि फोन जास्त, असा धंदा झालाय माझा."

प्रणोती हसली. फोन चार-चार दिवस चालायला लागले त्याला आता पाच-सहा वर्षं झाली होती. चार्जर शोधत घरभर फिरायच्या गोष्टी लोक जुन्या आठवणी म्हणून सांगत. त्यामुळे सोमवारी अपडेट आलं आणि फोन दुपारपर्यंतच तग धरेनात, तेव्हा लोकांचा असा काही संताप झाला होता की वीज गेली असती तरी एवढा झाला नसता.

पण प्रणोतीने मंगळवारीच चोर पकडला होता. अपडेटबरोबर फोनमध्ये 'भूकर्ण' नावाची एक सेवा आली होती. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते ज्या बारीकशा यंत्रामुळे, तो कलमापक प्रत्येक फोनमध्ये असतोच. भूकर्ण त्याच कलमापकाच्या कानाने जमिनीची हालचाल ऐकत असे. एरवी तासातून एकदा. काही संशयास्पद जाणवलं तर मात्र सेकंदासेकंदाला, आणि आसपासच्या फोनांनाही ती जागं करायची. वाडीतल्या वीस फोनांचं एकमत झालं की सगळ्यांवर एकदम भोंगा वाजणार, अशी योजना होती. योजना चांगलीच होती. पण सेकंदासेकंदाला ऐकायचं म्हटल्यावर बॅटरीचा फडशा पडणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं किंवा आलं असलं तरी कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

सेवा बंद करायची सोय सहजी सापडेल अशी नव्हती. प्रणोतीने ती खोदून काढली. सात ठिकाणी दाबायचं, एकदा फोन बंद-चालू करायचा, झालं. बुधवारी तिने ही युक्ती दुरुस्तीवाल्यांच्या गटावर टाकली. घाटापासून समुद्रापर्यंतचे सहाशे दुकानदार त्या गटात होते. त्यांनी तिला इतके नमस्कार नि इतकी फुलं पाठवली की त्या रात्री ती नवऱ्याला दोनदा वाचून दाखवत बसली होती. हेदकोंडचेच सत्तावीस फोन तिने चार दिवसांत बरे करून पाठवले होते. हेदकोंड तिचं माहेर. माहेरच्या लोकांनी शाबासकी दिली की कुणालाही बरं वाटतं.

"आणि हां," सहदेव स्टुलावर बसत म्हणाला, "तुझ्या आयशीनं निरोप दिलान. जात्याखाली पाचर मारायला कोणीतरी माणूस पाठव म्हणून. पीठ एकाच बाजूला सांडतंय म्हणे."

"अजून दळतेच का ती? गिरणी आहे की खाली!"

"गिरणीत तुझा बापू गातो काय?" सहदेव म्हणाला, आणि दोघं हसली.

बापू म्हणजे प्रणोतीचे वडील. जाखडीच्या नाचात त्यांच्या गळ्याला तोड नव्हती. ते जाऊन चार वर्षं झाली. आईकडे एक जुना फोन होता, त्यात सिमकार्डसुद्धा नव्हतं, फक्त बापूंची गाणी होती. जातं सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलेलं होतं. त्या ओट्याच्या कडेला फोन ठेवायचा, बापूंना गायला लावायचं आणि नाचणी दळायची, हा आईचा रोजचा क्रम.

प्रणोतीने एकेक फोन हातात घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. हात कामाला लागले आणि डोकं मोकळं झालं. मोकळ्या डोक्यात एक बारीक शंका शिरली. तिच्या स्वतःच्या फोनवर तेच अपडेट होतं, तीच सेवा होती. बॅटरी मात्र नेहमीसारखी टिकत होती. तिने ड्रॉवर उघडला. फोन परत देताना काढलेल्या जुन्या पट्ट्या ती ड्रॉवरच्या फळीला आतून चिकटवून ठेवायची. आठवडाभराच्या पट्ट्या तिने वाचल्या. हेदकोंड, हेदकोंड, हेदकोंड. पारवाडीचे दोन, देवळेकोंडचा एकही नाही, पेठेतला एकही नाही.

"सहदेवदादा, फक्त आपल्याच वाडीला का रे हा रोग?"

"फणस," सहदेव म्हणाला. त्याला हे कोडं वाटलंच नाही.

प्रणोतीला एकदम हायसं वाटलं. खरंच की, फणस! शहरात लोक चंद्रावरच्या माणसाशी बोलतात म्हणे, पण हेदकोंडला रेंज येते ती वाडीच्या बाजूच्या डोंगराच्या सोंडेवर, कातळातून उगवलेल्या एका फणसापाशी. म्हणून प्रत्येक घराने त्या फणसाला तेलाचा एकेक रिकामा डबा टांगलेला होता, तोंड वाडीकडे केलेला. सकाळी फोन डब्यात ठेवायचा, संध्याकाळी घरी आणायचा. डब्यात फोन वाजला की त्याचा आवाज खालच्या शेवटच्या घरापर्यंत घुमायचा. कुणाचा फोन कसा वाजतो ते अख्ख्या वाडीला पाठ. आईचा डबा नव्हता. पण शेजारच्या मंदाकाकीच्या फोनवर प्रणोतीचा फोन आला की बापूंचं गाणं वाजेल, अशी सोय प्रणोतीने मागच्या गौरीला करून दिली होती. आई हल्ली कमी ऐकायची, पण तो आवाज आला की दुखऱ्या गुडघ्यांनी सोंड चढून यायची. दुसऱ्या कुठल्याच आवाजाला ती जागची हलत नसे.

डबे वाऱ्यावर झुलतात, आतले फोन झुलतात, आणि भूकर्णाला वाटतं जमीन हलतेय. अगदी सरळ होतं सगळं. तरी मनाची खात्री म्हणून प्रणोतीने मुग्धा खरेला फोन लावला आणि कातळावरच्या फणसाचं सगळं सांगितलं. भूकर्ण तयार करणाऱ्या संस्थेतली ही मुलगी मे महिन्यात दुरुस्तीवाल्यांना माहिती द्यायला आली होती आणि आपला नंबर ठेवून गेली होती.

"हो, हेदकोंड ना!" मुग्धा लगेच म्हणाली. "सोमवारपासून तिथून नुसता गोंगाट येतोय. आम्ही वाऱ्याशी ताडून पाहिलं, वारा वाढला की हालचाल वाढते. म्हणून ती वाडी तात्पुरती बाजूला काढलीय. झाडाला फोन टांगत असतील, हे इथे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! तुम्ही सेवा बंद केलीत तरी चालेल, ताई. पुढच्या अपडेटमध्ये सुधारू."

चालेल म्हटल्यावर प्रश्नच मिटला. प्रणोतीने सहदेवला चहा सांगितला आणि दहा फोन हातावेगळे केले. बारा वाजून गेले होते. बाहेर पाऊस तीन आठवडे पडत होता तसाच पडत होता. अकरावा फोन गोणीतच अडकून राहिला होता. तिने तो झटकून काढला आणि पाठीवरची पट्टी पाहिली. पट्टी जुनी, पिवळी पडलेली, अक्षर तिचंच होतं. आई.

"हा कुठून आला?"

"म्हातारीनं दिलान की सकाळी. बापू गात नाय म्हणाली. रात्रभर भरून पण सकाळच्याला बंद."

प्रणोती त्या फोनकडे पाहत राहिली. हा फोन फणसावर जात नाही. याच्यात सिम नाही, याला रेंजशी देणंघेणं नाही. अपडेट आलं असेल ते शेजारच्या फोनकडून, पण हा झुलत नाही. हा सिमेंटच्या ओट्यावर पडून असतो.

तिने तो चार्जिंगला लावला. फोन जिवंत झाल्याबरोबर ती भूकर्णाच्या नोंदींत शिरली. दुरुस्तीवाल्यांना तिथवर जाता येतं. पाच दिवसांचा आलेख पडद्यावर आला. मधे मधे उंच काटे होते. ते आईने फोन उचलल्याचे असणार. काट्यांच्या मधे सरळ रेष होती, फोन ओट्यावर शांत पडून असल्याची. ती रेष सरळ असायला हवी होती. ती उतरत होती. सोमवारी ओट्याचा कल पाव अंश होता. बुधवारी अर्धा. काल सकाळी एक. आज सकाळी, फोन बंद पडायच्या आधी, अडीच.

पीठ एकाच बाजूला सांडतंय.

तिने आलेख पुन्हा पहिल्या दिवसापासून पाहिला.

"सहदेवदादा," ती म्हणाली, आणि आपला आवाज साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला, "वाडीत अजून काय काय झालंय या आठवड्यात? काहीही सांग. बारीकसारीक."

"काय व्हायचंय?" सहदेवने कप खाली ठेवला. "दारं लागत नायत कोणाची. पावसानं फुगलीत. झऱ्याचं पाणी लाल येतंय, त्ये दरसाल येतं... एवढं लाल येत नाय तसं. देवळामागं जमिनीला चीर पडलीय, माझ्या बायकोनं शेण घालून बुजवलीन, पोरींचा पाय जाईल म्हणून. परत पडली." बोलता बोलता त्याचा आवाज मंदावत गेला. त्याने प्रणोतीच्या तोंडाकडे पाहिलं. "काय गो? काय झालंय?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याला आलेख वाचता येत नव्हता. पण जीप चालवणाऱ्या माणसाला उतार कळतो. त्याने ती रेष पाहिली आणि तो उठून उभा राहिला.

मुग्धाला या वेळी चार वेळा लावल्यावर फोन लागला. प्रणोतीने आलेख पाठवला. पलीकडे बराच वेळ कळफलकाचा खडखड आवाज येत राहिला आणि मग तोही थांबला.

"ताई, संध्याकाळी लोक फोन घरी नेतात का?"

"नेतात."

"म्हणजे रात्री वारा असो नसो, ते घरात सपाट जागी असतात. आम्ही दिवसाचा गोंगाट बघून अख्खी वाडीच बाजूला काढली. रात्रीचं कुणी ऐकलंच नाही." मुग्धा म्हणाली. "मी आत्ता त्या वाडीच्या नोंदी उघडते. हेदकोंडमध्ये बेचाळीस फोन दिसायला हवेत. मला चारच दिसताहेत. बाकीचे कुठे गेले?"

प्रणोतीला उत्तर माहीत होतं.

"मी बंद केले," ती म्हणाली. "सदतीस. एक इथे माझ्या हातात आहे."

पलीकडे कळफलक पुन्हा वाजायला लागला.

"चारांतले तीन फणसावर आहेत," मुग्धा म्हणाली. "एक कुठल्या तरी घरात आहे. तो आत्ता साडेतीन अंश दाखवतोय. मी बोलतेय तेवढ्यात तीन पूर्णांक सहा झाले. भोंगा मला वाजवता येत नाही, वीस फोन लागतात. मी वर कळवते, पण तिथून माणूस निघेपर्यंत... ताई, लोकांना बाहेर काढा. कसंही करून काढा. फणस कातळावर आहे म्हणालात ना? तो कातळ नकाशात एकसंध दिसतोय. तिथे न्या सगळ्यांना."

सहदेव जीपच्या किल्ल्या घेऊन दाराशी पोचला होता. सात किलोमीटर घाट, अशा पावसात पाऊण तास. प्रणोतीने त्याचा शर्ट मागून धरला.

"जाऊ नको. फोन लाव. फणसाला फोन लाव."

"एकाला लावून काय होतंय? एकाचा वाजला तर एक घर येतं!"

"सगळ्यांना लावू. एकदम."

काउंटरवर दहा फोन होते, जेमतेम वीस-पंचवीस टक्के भरलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीवरच्या पट्टीवर उघडायची नक्षी होती. बरे करून पाठवलेल्या सत्तावीस फोनांचे नंबर तिच्याकडे होते. मुग्धानेही आपल्या खोलीतल्या चौघांना हाताशी घेतलं. प्रणोतीने नंबर वाटले. आणि एक वाजून दहा मिनिटांनी हेदकोंडच्या फणसावरचे पंधरा-सोळा डबे एकदम वाजायला लागले.

एका डब्यात फोन वाजला की त्या घरचं माणूस धावतं. सगळे वाजले तर काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं. प्रणोतीच्या मनात एक भयंकर विचार येऊन गेला. हे फोन आत्ता वाजताहेत, कारण तिने त्यांची सेवा बंद केली होती. नाहीतर दुपारी एक वाजता त्यांच्यात वाजण्याइतकाही जीव उरला नसता. पण सेवा चालू असती आणि फोन घरात असते तर कदाचित काल रात्रीच भोंगा वाजला असता. यातलं कुठलं खरं मानायचं ते तिला कळेना. विचार करायला वेळही नव्हता.

सहदेवच्या हातातला फोन उचलला गेला. त्याची बायको वनिता होती.

"अवो, काय झालंय? सगळा फणस वाजतोय! कोण गेलं?"

"कोण गेलं नाय. पोरी कुठं हायत?"

"हितं. माझ्याबरोबर. सगळी आलीत पळत."

"घरात कोण राहिलंय बघ. एकेका घराचं नाव घेऊन बघ. गुरं सोडा. परत कोणी खाली जायचं नाय, भाकरी करपली तर करपू दे!" तो ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

एकोणतीस घरं. वनिता नावं घेत गेली. पुरुषमाणसं बरीचशी कामावर खाली पेठेच्या बाजूला होती. बायका, म्हातारी, मुलं वर आली होती. पाच मिनिटं गेली असतील. मग वनिता थांबली.

"अनसूयाकाकी नाय आली."

प्रणोतीची आई. तिचा डबाच नव्हता. दुसऱ्यांचे फोन वाजले तर तिने का यावं?

"मी जाते खाली," वनिताचा आवाज आला, आणि लगेच मागून बायकांचा गलका. मग पुन्हा वनिता, पण आता आवाज पार बदललेला. "अवो... वाट फाटलीय. देवळापाशी. आता हातभर फाटलीय, मघाशी नव्हती."

"कोणी खाली उतरायचं नाही," मुग्धा दुसऱ्या फोनवरून ओरडली. "ताई, त्यांना सांगा! घरातला फोन पाच अंशांवर आलाय!"

आईचं घर सगळ्यांत खाली, ओढ्याच्या अंगाला. प्रणोतीला ते घर दिसत होतं, ओट्याशी पाय पसरून बसलेली आई दिसत होती. तिने स्वतःचा फोन उचलला.

"वनितावहिनी, मंदाकाकीला सांगा, तिचा फोन वाजला तर उचलायचा नाही. अजिबात नाही. वाजू दे. डब्याचं तोंड खाली धरा."

तिने मंदाकाकीचा नंबर लावला. सहदेवच्या हातातल्या फोनमधून, वनिताच्या पलीकडून, पावसातून बापूंचा आवाज आला. ते गात होते. चार वर्षांपूर्वी गेलेला माणूस तेलाच्या डब्यातून डोंगरभर गात होता आणि प्रणोती मनातल्या मनात त्यांना म्हणत होती, बापू, मोठ्याने. अजून मोठ्याने.

वाजून वाजून फोन थांबला. तिने पुन्हा लावला.

"ताई," मुग्धा म्हणाली, "हा फोन कुणाचा? तुम्ही लावताय तो?"

"मंदाकाकीचा."

"तो चारांतला आहे. त्याची सेवा चालू आहे. मला त्याची बॅटरी दिसतेय. सहा टक्के."

मंदाकाकी! वाडीत एकटी मंदाकाकी म्हणाली होती, माझा फोन परक्या हातात नको. सगळ्यांचे फोन बरे झाले होते आणि जो वाजायला हवा तोच मरायला टेकला होता. प्रणोतीने पुन्हा नंबर लावला. आईला सोंड चढायला बारा मिनिटं लागतात. गुडघे धरले तर पंधरा.

"पाच," मुग्धा म्हणाली.

बापू गात होते. थांबले. प्रणोतीने पुन्हा लावलं. फोन आणि कान यांच्यामध्ये घाम आला होता. दुकानाच्या दारात दोन माणसं येऊन उभी राहिली होती, आतलं पाहून ती काही न विचारता तशीच थिजली.

"चार."

"दिसतेय का?" सहदेव विचारत होता. "वनिता, म्हातारी दिसतेय का?"

"धुकं हाय. काय दिसत नाय."

"तीन. ताई, घरातला फोन आता दिसेनासा झाला."

"म्हणजे काय?" प्रणोती किंचाळली. उत्तर ऐकायला ती थांबली नाही. प्रणोतीने पुन्हा लावलं. बापू पुन्हा पहिल्यापासून गायला लागले. नेहमी पहिल्यापासूनच. तिला लहानपणापासून पाठ असलेलं ते गाणं या क्षणी ऐकवत नव्हतं, आणि ते थांबू नये म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

"दोन."

"अगो, ती बघा!" वनिता ओरडली. "ती बघा, पावसाची खोळ दिसतेय! पिवळी खोळ! काकी, हिकडं! हिकडून नको, देवळाकडून नको, कातळावरनं ये!"

"एक," मुग्धा म्हणाली. आणि मग, "गेला."

बापू ओळीच्या मधेच गप्प झाले.

त्या शांततेत आधी काहीतरी मोठं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मग खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज, पण तो संपेना. तो वाढत गेला, बायकांच्या किंकाळ्या त्यात बुडाल्या, आणि सहदेवच्या हातातला फोन बंद पडला. फोनवरून येणारा आवाज थांबला तरी आवाज येतच होता. तो आता दारातून, बाहेरून, सात किलोमीटरवरच्या डोंगरातून येत होता. काउंटरवरचे फोन एकमेकांवर आपटून बारीक किणकिणत होते.

सव्वातीन मिनिटं वनिताचा फोन लागला नाही. प्रणोतीने भिंतीवरच्या घड्याळात ती एकेक सेकंदाने पाहिली. मग सहदेवचा फोन वाजला आणि त्यातून धापा टाकणारा, चिडलेला, अगदी ओळखीचा आवाज आला.

"काय गो? जात्याला पाचर मारायला माणूस पाठव म्हणालं, तर बापसाला हाका मारायला लावतंस?" मग आईला रडू फुटलं. "जातं गेलं गो. घर गेलं. एकोणीस घरं गेली. खाली नुसता चिखल हाय."

"माणसं?" प्रणोतीने विचारलं. "आई, माणसं?"

"हायत. वनितानं दोनदा मोजलीन. सगळी हायत."

सहदेव स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला, जीप काढली आणि दारातल्या दोन्ही माणसांना घेऊन घाटाकडे निघाला. प्रणोतीही निघणार होती. तिने शटर अर्धं ओढलं, आईचा फोन छातीशी धरला आणि आपला फोन घ्यायला वळली.

फोन थरथरत होता. दुरुस्तीवाल्यांचा गट. सकाळपासून तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. तेहतीस नवे निरोप होते आणि बहुतेकांत फुलं होती. तिने शेवटचा उघडला. पाठवणारा कोण, कुठला, ती ओळखत नव्हती. घाटाच्या दक्षिण टोकाला कुठेतरी त्याचं दुकान असावं.

"ताई, युक्ती एक नंबर! आमच्याकडे एकाच वाडीतले साठ फोन आले होते. आज सकाळी सगळेच्या सगळे बंद करून दिले. लोक खूश."

प्रणोती दारात उभी राहिली. पाऊस पडत होता. तिने त्या माणसाला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. मग आयुष्यात हजारदा विचारलेला प्रश्न तिने लिहिला आणि पाठवला.

"वाडी कुठली?"